दोन बाय चार फुटांची फरशी ग्राइंडरने कापताना या चुका टाळा

साताऱ्याच्या पेठांमधल्या जुन्या घरांत काळ्या दगडाच्या भिंती क्वचितच गुण्यात, म्हणजे काटकोनात, असतात. मंगळवार पेठेतल्या एका घरी हॉलची रुंदी दारापाशी आणि खिडकीपाशी मोजली, तर सव्वा इंचाचा फरक निघाला. म्हणजे भिंतीकडेची प्रत्येक फरशी तिरकी कापायची. हाताशी चार इंची ग्राइंडर, ॲल्युमिनियमची पट्टी आणि दोन क्लॅम्प एवढंच. पहिल्या दिवशी माझ्या हातून तीन फरश्या फुटल्या, आणि तिन्ही एकाच जागी: काप संपायला दोन-तीन इंच उरले असताना.

अशा वेळी सगळे ब्लेडला दोष देतात. मीही दिला. खरी चूक टेकूची होती. ६०० बाय १२०० मिलिमीटरची, ९ मिलिमीटर जाडीची पोर्सिलेनची फरशी साधारण १५ किलो भरते. ती दोन विटांवर आडवी टाकून कापायला घेतली की सुटत आलेला भाग स्वतःच्या वजनाने खाली ओढू लागतो. शेवटच्या दोन इंचांना तो भार पेलत नाही आणि तडा रेषा सोडून आत पळतो. त्यावर उपाय म्हणजे सपाट जमिनीवर दीड-दोन इंची थर्माकोल अंथरून फरशी त्यावर पूर्ण टेकवायची. ब्लेड खाली थोडं घुसलं तरी बिघडत नाही, आणि सुटलेला तुकडा जागचा हलत नाही. शिवाय जिथे काप संपणार त्या टोकाकडून आधी तीन इंच कापून ठेवा, मग दुसऱ्या बाजूने येऊन काप त्याला मिळवा. दुसऱ्या दिवसापासून मी तसंच केलं आणि त्या हॉलमध्ये सरळ कापाला एकही फरशी गेली नाही.

एकाच दमात आरपार जाऊ नका. पट्टी क्लॅम्पने घट्ट आवळून पहिल्या फेरीत जेमतेम एक-दीड मिलिमीटरची खाच पाडा. पुढच्या तीन-चार फेऱ्यांत ब्लेड आपोआप त्याच खाचेतून चालतं. दातेरी ब्लेड विटा-काँक्रीटसाठी ठेवा, पोर्सिलेनवर त्याने ग्लेझचे, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराचे, टवके उडतात. इथे सलग कडेचं पातळ डायमंड ब्लेडच हवं. चालता चालता ते नुसतं ठिणग्या टाकायला लागलं, पुढे सरकेना, तर जोर लावू नका. त्याचे हिरे धातूत बुजलेले असतात. एखाद्या विटेत दोन-तीनदा ब्लेड फिरवलं की वरचा थर झिजून नवे हिरे उघडे पडतात आणि धार परत येते.

हँड कटर, म्हणजे चाकाने रेघ ओढून फरशी मोडायचं हातयंत्र, असेल तर चाकाची रेघ एकदाच, सारख्या दाबाने ओढा. त्याच रेघेवरून पुन्हा चाक फिरवलं की तुकडा वाकडा मोडतो. दोन इंचांपेक्षा अरुंद पट्टी त्यावर मोडायला जाऊ नका, ती ग्राइंडरनेच काढा.

कॉलमभोवतीचा एल आकाराचा काप सगळ्यात जास्त फरश्या खातो. आतल्या टोकदार कोपऱ्यात सगळा ताण गोळा होतो आणि तडा तिथूनच निघतो, कधी कधी तर फरशी बसवून झाल्यावर. म्हणून आधी त्या कोपऱ्यात डायमंड बिटने ८ मिलिमीटरचं भोक पाडा. ड्रिलचा हॅमर बंद, भोकावर थोडं थोडं पाणी. मग दोन्ही काप भोकापर्यंत आणून थांबवा.

धुळीचं मात्र कळकळीने सांगतो. पोर्सिलेनच्या धुळीत सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षं फुफ्फुसात साठली तर सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क लावा. बंद खोलीत कापू नका, अंगणात किंवा गच्चीवर बसा, पोरांना लांब ठेवा. पाण्याची नळी जोडता येणारा मार्बल कटर भाड्याने मिळाला तर उत्तम, पण तो ईएलसीबी (करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवरच चालवा. साध्या ग्राइंडरवर पाणी ओतू नका, शॉक बसेल. आणि त्याचं गार्ड काढून काम करणाऱ्याच्या शेजारी उभंसुद्धा राहू नका.

कापलेली कड डायमंड पॅडने हलकी घासा आणि नेहमी भिंतीकडे ठेवा. भिंतीशी पाच-सहा मिलिमीटर फट सोडली तरी स्कर्टिंगखाली ती झाकली जाते.