१/३२ स्केलचं विमान कसं बांधावं: आधी धडाचा सांधा जिंका

प्लॅस्टिकच्या मॉडेल विमानाचं मोठ्या स्केलचं किट (१/३२ म्हणजे खऱ्या विमानाच्या बत्तिसाव्या भागाएवढं) उघडलं की सगळ्यांचं लक्ष कॉकपिटकडे आणि इंजिनाकडे जातं. सल्ले देणारेही तिथेच रमतात. सीटबेल्ट कसे वळवायचे, डायल कसे रंगवायचे, यावर हवं तेवढं वाचायला मिळेल. पण तयार मॉडेलच्या पाठीवर तिरका उजेड पडला की पहिल्यांदा नजरेत भरतो तो धडाच्या डाव्या-उजव्या भागांमधला सांधा. तो दिसला की ते खेळण्यातलं विमान होतं, मग आत कितीही बारीक काम केलेलं असो. म्हणून इथे बाकीच्या पायऱ्या भराभर उरकतो आणि सांध्यापाशी थांबतो. या छंदात मला सगळ्यात जास्त झुंजवलं ते यानेच, आणि चुकीचे सल्लेही सर्वांत जास्त याबाबतीतच मिळतात.

पहिलं मोठं मॉडेल एका इंजिनाच्या लढाऊ विमानाचंच घ्या. १/३२ मध्ये स्पिटफायरचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे ३५ सेंटिमीटर भरतात, १/२४ मध्ये ४७ च्या आसपास. लँकेस्टर बॉम्बर १/३२ मध्ये जवळजवळ मीटरभर होतो. तो नंतर.

कॉकपिट

सुटे भाग रंगवा, वॉश (खाचांत उतरणारा अगदी पातळ गडद रंग) द्या, बसवा. एकच गोष्ट पाळा: जिथे कॉकपिटच्या भिंती धडाला टेकतात तिथला रंग खरवडून काढा. मोठ्या स्केलमध्ये आत भरपूर भाग असतात आणि प्रत्येकावरचा रंगाचा थर थोडी थोडी जागा खातो. कॉकपिट आत ठेवून धड कोरडंच जुळवून बघा. ते मिटायला बोटांचा जोर लागत असेल, तर आतून घासा. जोर लावून चिकटवलेला सांधा पुढे कधीतरी उकलतो, आणि तोही बहुधा रंग दिल्यावर.

चिकटवण्याआधी खरं विमान बघा

दिसेल तो सांधा बुजवा, हा सरसकट सल्ला चूक आहे. मेसरश्मिट बीएफ १०९ या लढाऊ विमानाचं मागचं धड कारखान्यातच दोन अर्ध्या भागांत बनत असे आणि वर-खाली मधोमध जोडलं जाई. तिथली रेघ खरी आहे, ती राहिलीच पाहिजे. याउलट मर्लिन इंजिनाच्या स्पिटफायरचं इंजिनावरचं वरचं झाकण एकसंध होतं. किटमध्ये ते दोन तुकड्यांत आलं असेल तर मधली रेघ पूर्ण नाहीशी व्हायला हवी. खऱ्या विमानाचे वरून घेतलेले फोटो समोर ठेवा आणि कुठली रेघ ठेवायची, कुठली बुजवायची ते आधीच ठरवा.

सांधा

पहिली गोष्ट, पुट्टी विसरा. सांधा पुट्टीने भरायचा नसतो, प्लॅस्टिकनेच भरायचा असतो. पातळ मॉडेल सिमेंट (प्लॅस्टिक मॉडेलसाठीचा गोंद) दोन्ही कडा वितळवतं आणि त्या एकमेकींत मिसळतात. नंतर तिथे एकच पदार्थ उरतो, एकाच कठीणपणाचा. ट्यूबमधली पुट्टी वाळताना आकसते, आणि आज सपाट दिसणारी जागा काही आठवड्यांनी बसते. सुपरग्लू आकसत नाही, पण वाळल्यावर आजूबाजूच्या प्लॅस्टिकपेक्षा कठीण होतो. घासताना प्लॅस्टिक झिजतं, ग्लू तसाच उभा राहतो. सुपरग्लू वापरावाच लागला तर घट्ट झाल्या झाल्या घासा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

१/३२ चं धड तीस सेंटिमीटरच्या आसपास लांब असतं आणि जवळजवळ नेहमीच थोडं वाकलेलं असतं. ते एका दमात चिकटवू नका. एका अर्ध्या भागाच्या आतल्या कडेला पातळ प्लॅस्टिक शीटचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे दुसरा भाग त्यांवर नेमका येऊन बसेल. मग शेपटीकडून सुरुवात करून तीन-चार सेंटिमीटर जुळवा. ब्रशच्या टोकाने सिमेंट नुसतं टेकवा, ते आपोआप फटीत ओढलं जातं. दहा-वीस सेकंदांनी दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा. फटीतून वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक उंच रेघ वर आली पाहिजे. ती आली म्हणजे सांधा भरला. पुसू नका, हात लावू नका. तो भाग धरला की पुढच्या तीन-चार सेंटिमीटरवर जा.

इथे दोन धोके आहेत. सिमेंट बोटाखाली शिरलं तर बोटाचा ठसा प्लॅस्टिकमध्ये कायमचा उमटतो. मास्किंग टेप सांध्यावर सपाट लावली तर सिमेंट तिच्याखाली पसरतं आणि पृष्ठभाग वितळून खराब होतो. म्हणून टेप लावताना सांध्यावर तिची कमान करा, टेप दोन्ही बाजूंना चिकटलेली आणि मध्ये उचललेली.

आता थांबा. ही पायरी सगळेच गाळतात. संध्याकाळी चिकटवलं, सकाळी घासलं, हा सल्ला ऐकू नका. सांध्यातलं प्लॅस्टिक वरून कडक लागलं तरी आत सिमेंटचा अंश असतो. तो उडून जाताना प्लॅस्टिक आकसतं. लवकर घासून सपाट केलेल्या जागी महिन्याभरात पुन्हा पुसटशी घळ दिसते, रंग आणि डिकलच्या (विमानावरच्या खुणांच्या पाण्याने सुटणाऱ्या चित्रांच्या) खालून. किमान तीन दिवस ठेवा, आठवडा ठेवलात तर उत्तम. तोवर पंख, चाकं, इंजिन करा.

वाळल्यावर ती उंच रेघ धारदार ब्लेड उभं धरून खरवडा, मग वॉटर पेपरने ओलं घासा: ४००, ६००, १०००, शेवटी २०००. स्पंज मऊ असतो, तो खड्ड्यातही शिरतो आणि खड्डा तसाच राहतो, म्हणून सुरुवातीला तो नकोच. सपाट ठोकळा सांध्याच्या दिशेने पुढे-मागे चालवला तर गोल पाठीवर चपटा पट्टा तयार होतो. पेपरची लांब पट्टी कापा आणि बूट चमकवताना फडकं ओढतात तशी ती धडाच्या गोलाईवरून आडवी ओढा.

नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. नखाचं टोक सांध्यावरून आडवं फिरवा. नख अडखळलं तर पायरी आहे. ०.१ मिलिमीटरची पायरी खऱ्या विमानावर तीन मिलिमीटरहून जास्त होते. मग त्या पट्ट्यावर राखाडी प्रायमरचा पातळ हात द्या आणि टॉर्च जवळजवळ आडवी धरून बघा. विमान चकचकीत धातूच्या रंगाचं होणार असेल तर प्रायमरऐवजी चकचकीत काळा द्या, तो काहीच लपवत नाही. दोष दिसला तर पुन्हा घासा. तरीही बारीक खड्डा उरला तर त्याच किटच्या स्प्रूचे (सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचे) तुकडे सिमेंटमध्ये विरघळवून तो लगदा भरा, आणि पुन्हा आठवडाभर ठेवा.

घासताना सांध्यावरून आडव्या जाणाऱ्या पॅनल लाइन्स (पत्र्यांच्या जोडांच्या कोरलेल्या रेघा) पुसल्या जातात. त्या परत कोरायच्या. लेबल-मशीनची जाड टेप पट्टीसारखी चिकटवा आणि स्क्रायबर (रेघ कोरायचं टोकदार हत्यार) फक्त त्याच्या स्वतःच्या वजनाने ओढा, चार-पाच वेळा. जोर दिला की टोक सरकतं. पुट्टी आणि सुपरग्लू का नको, याचं खरं कारण इथे कळतं: मऊ प्लॅस्टिकमधून कठीण ग्लूमध्ये शिरताना टोक हमखास भरकटतं आणि पुट्टीत रेघेच्या कडांचे टवके उडतात. वितळून एक झालेल्या प्लॅस्टिकवर रेघ सलग जाते. पुसलेले रिव्हेट सुईने टोचून परत आणा.

पंख

पंख आणि धडाच्या मध्ये फट पडली तर लगेच भरायला जाऊ नका. धडाच्या आत स्प्रूचा तुकडा आडवा अडकवून धड किंचित फाकवा, बहुतेक फटी तिथेच मिटतात. मस्टँग या लढाऊ विमानाच्या पंखांवरच्या सगळ्या रेघा आणि रिव्हेट किटमध्ये दिले आहेत म्हणून जपू नका. पंखाच्या पुढच्या मोठ्या भागावर कारखान्यातच पुट्टी भरून, घासून, वर चंदेरी रंग देत असत. तिथे रिव्हेटच्या रांगा दाखवणं चूक आहे. बंदुकांची आणि दारूगोळ्याची झाकणं ठेवा, बाकी बुजवा.

रंग आणि शेवटची जुळणी

प्रायमर, रंग, चकचकीत वार्निश, डिकल, वॉश, मग मॅट वार्निश, याच क्रमाने जा. रंगाचे हात पातळ द्या. जाड रंग कोरलेल्या रेघा भरून टाकतो. एअरब्रश (रंग फवारायचं छोटं यंत्र) चालवताना खिडकी उघडी हवी, तोंडावर नीट मास्क हवा. रेझिनचे भाग घासतानाही मास्क हवाच.

चाकांचे पाय, नाकावरचा पंखा (प्रोपेलर) आणि तोफांच्या नळ्या रंगकाम संपल्यावरच लावा. कॅनॉपीला (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाला) मॉडेल सिमेंट किंवा सुपरग्लू अजिबात लावू नका. सिमेंट ही काच वितळवून खराब करतं, सुपरग्लूच्या वाफेने ती आतून पांढरी पडते. पांढरा गोंद पुरेसा असतो. एरियलची तार सगळ्यात शेवटी, ताणल्या जाणाऱ्या बारीक इलॅस्टिक धाग्याची लावा, म्हणजे चुकून हात लागला तरी तुटत नाही.