इंग्रजी उच्चार : काय सुधारावे, काय तसेच ठेवावे

मुलाखत जवळ आली की कोल्हापूरची मुले प्रथम आपला हेल झाकू पाहतात, आणि बराचसा सराव तिथेच वाया जातो. सुरुवातीलाच दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात : ऐकणाऱ्याला शब्द कळलाच नाही ही एक, आणि कळला पण गावंढळ वाटला ही दुसरी. इथल्या बाईने ‘मी आलो’ म्हटले की पुण्यात हसू येते, पण अर्थ कोणाचाच चुकत नाही. इंग्रजीतही तेच आहे. ‘कार’मधला शेवटचा र स्पष्ट म्हटला तर दक्षिण इंग्लंडमध्ये तो उच्चार खेड्यातला समजला जातो, उलट १९६२ साली अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव्ह यांनी न्यूयॉर्कच्या दुकानांतील विक्रेत्यांना बोलते केले, तेव्हा दुकान जितके महाग तितका हा र अधिक ऐकू आला. तेव्हा आपला ठसठशीत र खुशाल राहू द्यावा.

सुधारायचे काय, हे ठरवण्यासाठी एखादा अनोळखी उतारा फोनवर ध्वनिमुद्रित करावा आणि तो न वाचलेल्या मित्राला ऐकून लिहायला सांगावे. मित्रही कोल्हापूरचाच असेल तर त्याला आपले सगळेच कळते, म्हणून शक्यतो बाहेरचा माणूस गाठावा.

बहुतेकांची खरी अडचण आघाताची निघते. मराठीत आघात बदलल्याने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, त्यामुळे आपण सगळी अक्षरे सारख्याच जोराने म्हणतो. इंग्रजीत मात्र ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, तर ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर असतो. शब्दकोशात आघाताच्या अक्षराआधी वर एक लहान उभी रेघ असते. नवा शब्द शिकताना ती आधी पाहावी. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीतून (धातू ओतण्याच्या कारखान्यातून) परदेशी ग्राहकाशी बोलणाऱ्याने तर ‘थर्टी’ आणि ‘थर्टीन’कडे विशेष लक्ष द्यावे. पहिल्यात जोर आरंभी असतो. दुसऱ्यात ‘टीन’ लांबवून त्यावर जोर द्यावा, आणि मापाचा प्रश्न असेल तर ‘वन-थ्री’ असे अंक सुटे सांगावेत. इथे संकोच महागात पडतो.

त्यानंतर ‘पिन’, ‘टेन’, ‘किंग’ यांचा आरंभ पाहावा. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून ‘पिन’ म्हणताना ती हलली पाहिजे, नाहीतर इंग्रजी कानाला ‘बिन’ ऐकू येते. ‘व्हॅन’साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवावेत, ‘वाइन’साठी नुसते ओठ गोल करावेत.

‘थिंक’मधल्या थ साठी जीभ दातांबाहेर काढण्याचा हट्ट मात्र करू नये, अनेक आयरिश लोकही आपल्यासारखाच दंत्य उच्चार करतात आणि त्यांचे इंग्रजी कोणी कच्चे ठरवत नाही. मुलाखतीत शब्द कळला नाही असे दिसले, तर तोच शब्द मोठ्याने न म्हणता जोर योग्य अक्षरावर देऊन सावकाश म्हणावा, तरीही अडले तर दुसरा शब्द वापरून पुढे जावे.