मुंजा दोन फेऱ्यांत मेला! गावाकडची भुतं खेळात आणताना या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीत मित्राच्या गच्चीवर शनिवारी आमचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा डाव असतो. टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रंगवायचा हा खेळ; प्रत्येकाचं एक पात्र, आणि गोष्ट चालवणारा डीएम मी. पहिल्यांदा मुंजा आणला तेव्हा अर्धा तास नुसतं वातावरण केलं. अमावस्या, पार, पिंपळाची सळसळ, लंगोटी नेसलेलं पोर. आकडे मात्र नियमपुस्तकातल्या सांगाड्याचे चिकटवले. हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा, 13. गटातल्या फायटरनं, म्हणजे लढवय्यानं, गदा घातली, सांगाड्याला बोथट हत्याराचा मार दुप्पट लागतो, विषय संपला. "भावा, एवढ्यासाठी मिसळ थंड केली व्हय?" हे वर ऐकून घेतलं.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच. आपलं भूत वासनेवर जगतं. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत पोर गेलं, तर त्याचा मुंजा. धनात जीव अडकला, तर समंध. म्हणून आकडे शोधायच्या आधी वहीत एकच ओळ लिहा: याचं काय राहिलंय? ती ओळ सुचत नसेल तर ते भूत अजून तयार नाही. अंबाबाईनं मारलेल्या कोल्हासुराला अनडेड, म्हणजे मेल्यावरही फिरणारं भूत, करू नका म्हणतो ते यासाठीच. मरताना त्यानं देवीकडं मागितलं की या नगरीला माझं नाव राहू दे, आणि ते राहिलं. या गड्याचं मागं काही राहिलेलं नाही. तो कशाला भटकेल?

आता उलटी चूक. 'हा मरतच नाही' असं ठरवून टाकलं की खेळणारे तासभर फासे टाकून वैतागतात. समंधासाठी मी खेळाच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीतल्या रेव्हेनंटचा, म्हणजे सूड घ्यायला उठलेल्या प्रेताचा, नियम घेतो: शरीर पडलं की 24 तासांनी तो दुसऱ्या प्रेतात उठतो. रेव्हेनंटला सूड घ्यायला वर्षाची मुदत असते, ती समंधाला लावू नका. त्याचा धनाचा हंडा जागेवर आहे तोवर तो आहे. म्हणजे गटाला एक रात्र मिळते. त्या रात्रीत त्यांना खरी गोष्ट कळायला हवी, आणि ती एकाच माणसाच्या तोंडी ठेवलीत की फसलात. आमच्या गटानं नेमक्या त्याच म्हाताऱ्याला चोर समजून बांधून ठेवलं होतं. तेव्हापासून एक खूण पारावर, एक घरच्यांकडं, एक गुरवाकडं.

क्लेरिकचं, म्हणजे गटातल्या देवभक्त पात्राचं, काय? अनडेड पळवायची त्याची शक्ती 30 फुटांत चालते आणि भूत मिनिटभर लांब पळतं. पण झाडाला बांधलेला मुंजा पळणार कुठं? आमच्याकडं तो शेंड्यावर चढून बसतो आणि मिनिट सरलं की खाली उतरतो. क्लेरिकची शक्ती फुकट जात नाही आणि पिंपळही सुटत नाही.

चकव्याला आकडे देऊच नका. मारायला समोर काही नसतंच. रात्री उसाच्या फडात शिरलेला गट पुन:पुन्हा त्याच पाण्याच्या मोटारीच्या खोपीपाशी येतो, एवढंच सांगा. जुनी माणसं म्हणतात तसं जो एका जागी बसून उजाडायची वाट बघेल, तो सुटला. आमचा 'रोग', म्हणजे गटातलं चोराचं पात्र, पाच वेळा गोल फिरला.

वेताळ म्हणजे भुतांचा राजा, पण कितीतरी गावांच्या वेशीवर त्याच्या शेंदऱ्या दगडाला नारळ फुटतो. त्याला शेवटच्या लढाईतला खलनायक केलंत तर टेबलावरचं एखादं माणूस गप्प होतं. त्याला कौल लावायला ठेवा. हडळीचंही तसंच. उलटे पाय दाखवून हशा पिकतो, पण बाळंतपणात गेलेल्या बाईची ती गोष्ट आहे, हे निदान डीएमनं विसरू नये.

मुंजा मी पुन्हा आणला. या वेळी गटानं त्याची सोडमुंज लावली. पोर काशीला निघतं, तेव्हा मामानं आडवं होऊन मुलगी देतो म्हणायचं असतं. मामा कोण होणार? गदावाला ड्वार्फ (बुटका) फायटर खेळणारा गडी उठला, गच्चीच्या दारात हात पसरून उभा राहिला आणि म्हणाला, "भाच्या, काशी लांब हाय. पोरगी देतो, माघारी फिर." त्या रात्री एकही फासा पडला नाही.