थंडीत खुराड्याला छप्पर हवं: बर्ड फ्लूच्या दिवसांत कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी

दिवाळी सरली की ठाण्याच्या खाडीत पाहुणे पक्षी उतरायला लागतात. बदकं, कुरव, चिखलात टिपत फिरणारे लहान पाणपक्षी, मागोमाग गुलाबी रोहित. ऐरोलीला आणि शिवडीला माणसं ते हौसेनं बघायला जातात, आणि जावंच. पण गोराई-मनोरीत, आरेच्या पाड्यांवर, वसईच्या वाड्यांत, उरण-पनवेलकडे ज्यांच्या दारात चार कोंबड्या आहेत, त्यांनी आतापासून शिमग्यापर्यंत डोळ्यांत तेल घालून राहायचं. बर्ड फ्लूचा विषाणू मुळात रानपाखरांचा, त्यातही पाणबदकांचा. बदक तो विष्ठेतून टाकत हिंडतं आणि पुष्कळदा स्वतः ठणठणीत दिसतं. तोच विषाणू कोंबडीला दोन-चार दिवसांत संपवतो.

आपल्या भागाला हा रोग नवा नाही. जानेवारी २०२१ मध्ये चेंबूरच्या मेलेल्या कावळ्यांत आणि ठाण्याच्या मेलेल्या बगळ्यांत तो सापडला. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत आणि वसई-विरार पट्ट्यात कोंबड्यांत आला, जानेवारी २०२५ मध्ये उरणच्या चिरनेरमध्ये. महिने बघा, सगळे थंडीचे.

म्हणून पहिलं काम खुराड्याचं. गावरान कोंबडी मोकळी फिरते म्हणूनच ती चवीची, हे मान्य. तरी हे तीन-चार महिने तिला बारीक जाळीच्या आत आणि छपराखाली ठेवा. वरून नुसती जाळी पुरत नाही, कारण बगळ्याची शीट जाळीतून खाली पडते. पत्रा किंवा ताडपत्री हवी. दाणापाणी आतच द्या. उरलेला भात, कणी, मासळीची आतडी अंगणात फेकली की कावळे जमतात, आणि कावळ्यांनी चोच घातलेल्या ठिकाणी कोंबडी नंतर टिपत बसते. तळ्याचं किंवा खाडीकाठच्या डबक्याचं पाणी नको, नळाचं किंवा झाकलेल्या विहिरीचं द्या. बदकं पाळत असाल तर त्यांचं खुराडं वेगळं.

आणि चपला. खुराड्यात जायची चपलांची एक जोडी दाराशी कायमची ठेवा, ती घालून रस्त्यावर जायचं नाही आणि रस्त्यावरची घालून आत जायचं नाही. यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही, आणि इतका टाळला जाणारा दुसरा उपायही मी पाहिलेला नाही. विषाणू उडत येतो त्यापेक्षा जास्त तो तळव्याला, टोपलीला, टेम्पोच्या चाकाला चिकटून येतो. अंड्यांचे ट्रे घेऊन व्यापारी दहा दारं फिरतो. त्याला फाटकापाशी थांबवा आणि अंडी आपल्या ट्रेमधून बाहेर नेऊन द्या. त्याला राग येईल, येऊ द्या. आठवडी बाजारातून आणलेली तलंग (अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) किंवा कोंबडा किमान दोन आठवडे वेगळा ठेवा. बाजारात नेऊन न खपलेले पक्षीही याच हिशेबात धरा.

सफाई करताना क्रम चुकवू नका. आधी शीट आणि जुनं तूस खरवडून काढा, साबणाच्या पाण्यानं घासा, मग औषध. घाणीवर मारलेलं जंतुनाशक घाणीतच मरतं. धुण्याचा सोडा लिटरभर गरम पाण्यात ४० ग्रॅम विरघळवला तर तो खुराड्याला आणि भांड्यांना चालतो. तो मारून किमान दहा मिनिटं तसाच राहू द्या. जमिनीवर चुना भुरभुरा.

भाजीवाल्या शेतकऱ्यांना एक वेगळं सांगतो. वसई-पालघरकडे भाजीला आणि फुलशेतीला कोंबडखत सर्रास घातलं जातं. हा विषाणू ३७ अंश उष्णतेत विष्ठेत सहा दिवस टिकतो, ४ अंशांच्या गारव्यात महिन्यापेक्षा जास्त. तेव्हा ओलं, ताजं, पोत्यातून वास मारणारं खत या दिवसांत घेऊ नका. नीट कुजलेलं घ्या, आणि आसपास मर लागल्याची कुजबुज असेल तर या हंगामात कोंबडखत अजिबात नको.

आता लक्षणं. डोकं सुजतं, तुरा आणि गळ्याखालचे लोंबते कल्ले निळे-जांभळे पडतात, पायांवर रक्ताळल्यासारखे डाग येतात. अंडी एकदम घटतात किंवा मऊ कवचाची पडतात, हिरवट हगवण लागते, मान वाकडी होते. आणि कधी यातलं काहीच दिसत नाही, संध्याकाळी दाणे टिपणाऱ्या कोंबड्या सकाळी मेलेल्या असतात. इथंच घोटाळा होतो. मान वाकडी दिसली की आपण म्हणतो मानमोडी, राणीखेत. लासोटा ही राणीखेतची लस दिली होती, तरी कशी झाली, म्हणून दुसरं औषध आणतो आणि चार दिवस जातात. राणीखेतची लस बर्ड फ्लूला अडवत नाही, आणि नुसत्या डोळ्यांनी हे दोन रोग वेगळे ओळखता येत नाहीत, अनुभवी माणसालाही नाही. देशात कोंबड्यांमध्ये हा रोग पहिल्यांदा सापडला तो २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच नवापूरला. तिथंही आधी संशय राणीखेतचाच होता.

त्यामुळे एका-दोन दिवसांत दोन-तीन पक्षी कारणाशिवाय मेले की फोन करायचा. पशुसंवर्धन विभागाची १९६२ ही हेल्पलाईन आहे, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही कळवता येतं. मुंबईत रस्त्यावर, गच्चीवर, बागेत कावळे-बगळे मेलेले दिसले तर महापालिकेचा १९१६. मेलेला पक्षी नाल्यात टाकू नका, घाईनं पुरू नका, कापून तर मुळीच बघू नका. वर टोपली पालथी घालून दगड ठेवा, कुत्रं-मांजर लांब ठेवा आणि डॉक्टरांची वाट बघा. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात. रोग पक्का झाला की साधारण एक किलोमीटरच्या परिघातले पक्षी मारले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाहणी चालते.

याच भीतीनं माणसं लपवतात, आणि त्या भीतीला मी हसणार नाही. एखाद्या बाईचं गावरान अंड्यांवर मुलांच्या वह्यांचं भागत असतं. पण हिशेब असा आहे की नुकसानभरपाई सरकारनं मारलेल्या पक्ष्यांची मिळते, त्याआधी आपोआप मेलेल्यांची नाही. जो उशिरा कळवतो, त्याच्या हाती भरपाईसाठी पक्षीच उरत नाहीत. शिवाय रात्रीतून टेम्पोत भरून विकलेल्या कोंबड्या रोग पुढच्या गावात नेतात. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार कळवणं हे मालकावर बंधनकारकही आहे.

चिकन-अंडी खायची का, हा प्रश्न दरवर्षी येतो. नीट शिजवलेलं खा. ७० अंशांना विषाणू मरतो आणि आपली रस्सा-भाजी त्याच्या कितीतरी वर उकळते. धोका कच्च्या मांसात, ते धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांत आणि त्याच सुरीनं कोथिंबीर चिरण्यात आहे. हाफ फ्राय हे काही महिने राहू द्या. मेलेली किंवा मरायला टेकलेली कोंबडी, कितीही जीव तुटला तरी, हंडीत घालू नका. मांजराला कच्ची आतडी नकोत: डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूनं गेले.

माणसाला हा रोग सहजी होत नाही, आणि माणसाकडून माणसाकडे तो सातत्यानं पसरताना अजून दिसलेला नाही. पण ज्यांना झाल्याची नोंद आहे, त्यांत २००३ पासून जगभरात जवळपास निम्मी माणसं दगावली. आपल्या देशात २०२१ मध्ये हरियाणाचा अकरा वर्षांचा मुलगा गेला. २०२५ मध्ये आंध्रात दोन वर्षांची मुलगी गेली, तिला कच्च्या चिकनचा तुकडा दिला होता. म्हणून लहान मुलांना खुराडं साफ करायला लावू नका आणि आजारी पिल्लू त्यांच्या हातात देऊ नका. मेलेले पक्षी उचलताना मास्क, हातमोजे आणि चष्मा घाला. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून उचला, आणि नंतर साबणानं कोपरापर्यंत हात धुवा. कोंबडीच्या दुकानात दिवसभर कापणारी मुलं यात सगळ्यात उघडी पडतात. मालकांनी त्यांना ॲप्रन, मास्क आणि वाहतं पाणी दिलंच पाहिजे.

मेलेल्या पक्ष्यांशी संबंध आल्यावर दहा दिवस ताप बघत राहा. ताप, खोकला, घसा दुखणं, डोळे लाल होणं, धाप लागणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. तापाची गोळी घेऊन थांबू नका, विषाणूवरचं औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. आणि दारातून आत गेल्यावर पहिलं वाक्य हे सांगा: आमच्याकडे कोंबड्या मेल्यात. थंडीतला ताप म्हटलं की डॉक्टरांच्या मनात आधी डेंग्यू, मलेरिया, साधा फ्लू येतो. कोंबड्यांचं त्यांना तुमच्याशिवाय कोण सांगणार?