एकट्याने भिंत रचण्यापूर्वी अंगाची तयारी

गवंडी आणि बिगारी हंगामात मिळेनात म्हणून परड्याची किंवा शेतातल्या आखाड्याची (शेतावरच्या घराची) भिंत स्वतःच रचायचे ज्यांनी ठरवले आहे, त्यांनी सिमेंट-वाळूच्या खर्चाआधी वजनाचा हिशेब कागदावर मांडावा. १० फूट लांब, ५ फूट उंच आणि ९ इंच जाड भिंतीला ५००च्या आसपास विटा लागतात आणि मालासकट, म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूसकट, तिचे वजन जवळपास २ टन भरते. हे ओझे एकदा उचलून भागत नाही. ट्रॉलीतून उतरलेली वीट पाण्याच्या टाकीपाशी जाते, भिजून बाहेर निघते, भिंतीजवळ रचली जाते आणि मग थरावर बसते, म्हणजे एकटा माणूस तेच वजन चार वेळा हाताळतो. म्हणून विटा उतरवून घेतानाच, वावरायला दोन-अडीच फूट जागा सोडून, भिंतीच्या रेषेला समांतर छोट्या थप्प्या लावून घ्याव्यात आणि त्या जागीच पाइपाने भिजवाव्यात. या एका व्यवस्थेने जेवढे श्रम वाचतात, तेवढे महिनाभराच्या व्यायामानेही वाचत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही काम सुरू करण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून गुडघ्यांत वाकून, पाठ सरळ ठेवून अर्धे भरलेले घमेले उचलण्याची सवय लावावी. मणक्याचा, हर्नियाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या कामात पडू नये. सिमेंटची गोणी ५० किलोंची असते. ती एकट्याने पाठीवर घेण्यापेक्षा कोरड्या जागी उतरवून घ्यावी, तिथेच फोडावी आणि बादलीने लागेल तेवढेच सिमेंट न्यावे. मालही अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवावा, कारण तो घट्ट होण्याच्या धास्तीने माणूस घाई करतो, बसून उचलण्याऐवजी कमरेतून वाकतो आणि कंबर धरते ती नेमकी त्याच वेळी.

खालचे चार-पाच थर सर्वांत जड जातात. तिथे वाकून उभे राहू नये. गोणपाटाची जाड घडी करून एका गुडघ्यावर बसावे आणि वीट व घमेले दोन्ही हाताच्या टप्प्यात ठेवावे. कमरेच्या उंचीवर काम सोपे होते, परंतु भिंत छातीच्या वर गेली की पक्की परांची बांधावी. विटांच्या थप्पीवर फळी टाकून चढू नये. एका दिवसात तीन फुटांहून अधिक उंची घेऊ नये. विटांमधले ओले सांधेही तेवढेच पेलतात आणि खांदेही.

हातांची काळजी आधीच घ्यावी लागते. भिजलेली वीट खरखरीत असते, तिच्या कडांनी बोटांची टोके सोलवटतात आणि त्यात ओल्या सिमेंटचा क्षार गेला की नखांच्या कडेला चिरा पडतात, ज्या पुढे थापीसुद्धा धरू देत नाहीत. रबरी हातमोजे आणि बंद बूट पहिल्या दिवसापासून घालावेत, त्वचेवर लागलेला माल वाळण्याआधी भरपूर पाण्याने धुवावा आणि रात्री हातांना खोबरेल तेल लावावे.

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो, म्हणून हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढावे. उन्हाळ्यात करणे भागच असेल, तर उजाडताच सुरू करून दहापर्यंत थांबावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. चक्कर आली किंवा अंगावर शहारे आले, तर हातातला माल वाया गेला तरी चालेल, पण लगेच सावलीत जावे.

शेतात काळा दगड फुकट मिळतो म्हणून दगडी भिंतीचा विचार एकट्याने करू नये. या दगडाच्या एका घनफुटाचे वजन सुमारे ८० किलो भरते, आणि ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती घरांतल्या माणसांवर कोसळल्या, हे आपल्या भागाने सोसले आहे. ज्या भिंतीवर छत येणार आहे, ती विटांची असली तरी जाणत्या गवंड्याकडूनच बांधून घ्यावी.

शेवटचा थर बसल्यावर किमान सात दिवस पाणी मारण्याचे काम उरते. टँकरचे पाणी बादल्यांनी वाहावे लागणार असेल, तर ते श्रमही आधीच हिशेबात धरावेत आणि भिंतीवर ओली गोणपाटे टाकून खेपा कमी कराव्यात.