पहिलं शिवण नंदीच्या झुलीचं

शिवण शिकायला निघालेल्या बहुतेकींची पहिली धाव ब्लाउजकडे असते. माझीही तीच होती. क्लासच्या काकूंनी मात्र माझ्या हातात ब्लाउजपीस न देता जुन्या चादरीचा तुकडा ठेवला. म्हणाल्या, "काहून घाई करून राहिली? तान्हा पोळा तोंडावर आला. पोराच्या नंदीची झूल शिव आधी." सरळ टीप, कोपरा, अस्तर हे सगळं मी त्या एका झुलीवर शिकले. आता दरवर्षी श्रावणापासून महालक्ष्म्यांपर्यंत, म्हणजे भाद्रपदातल्या गौरींपर्यंत, मी झुली, तोरणं आणि मखरामागचे पडदे शिवून देते, आणि नव्याने शिकायला येणारीला झुलीवरच बसवते.

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते. श्रावणातल्या अमावास्येला बैलांचा पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा. मुलं लाकडी नंदी सजवून नेतात, घरोघरी फिरून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. वीतभर नंदीपासून चार जणांनी उचलावा एवढ्या नंदीपर्यंत सगळी मापं दिसतात. म्हणून झुलीचं ठरावीक माप नसतं, ज्याचा नंदी त्याचंच माप.

माप टेपने न घेता सुतळीने घ्या. वशिंडाच्या मागून शेपटीपर्यंत लांबी, आणि एका बाजूच्या पोटापासून पाठीवरून दुसऱ्या बाजूच्या पोटापर्यंत रुंदी. समजा लांबी ९ इंच आणि रुंदी १४ इंच भरली, तर चारही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया (टिपेबाहेर सोडायचं जास्तीचं कापड) धरून १० बाय १५ चा तुकडा बेतायचा. अस्तरही तेवढंच. दोन्हींच्या सुलट बाजू आत, समोरासमोर ठेवून कडेने टीप मारायची आणि एका बाजूला चार बोटं जागा उघडी सोडायची, तिथूनच झूल उलटवायची असते.

कोपऱ्यावर आलात की सुई कापडात खाली रुतलेली असू द्या, मगच मशीनचा पाय उचलून कापड फिरवा. सुई वर असताना फिरवलं तर टीप हमखास सरकते. उलटवण्याआधी कोपऱ्यावरची माया तिरकी कापून टाका, टिपेपासून दोन-तीन धागे सोडून. हे केलं नाही तर आत कापडाचा गोळा होतो आणि झुलीचा कोपरा टोकदार न येता गोल, फुगीर येतो. कोपरा बाहेर काढायला बोथट पेन्सिल बरी, कात्रीचं टोक नको.

गोंडे लावायचे असतील तर ते दोन कापडांच्या मध्ये आधीच ठेवायचे आणि त्यांची लटकणारी टोकं आतल्या बाजूला करायची. शिवताना हे उलटं वाटतं. पण झूल उलटवली की सगळे गोंडे ओळीने बाहेर लटकतात, आणि मुलाचा चेहरा त्या क्षणी पाहण्यासारखा असतो!

झूल जमली की तोरण घ्या. इथे माझी एक चूक सविस्तर सांगते, कारण ती जवळपास प्रत्येक जण करते. पहिलीच मागणी होती तीन फुटी दाराची, म्हणजे ३६ इंच. सहा इंची सहा त्रिकोण, हिशेब सोपा. माया दोन्हीकडे अर्धा इंच, म्हणून मी सात इंच पायाचे त्रिकोण कापले. शिवून, उलटवून, इस्त्री करून ओळीने मांडले तर प्रत्येक त्रिकोण साडेपाच इंचाचा भरला. एकूण ३३ इंच. दाराला तीन इंच कमी पडले आणि बाईंच्या घरी दुसऱ्या दिवशी पूजा होती. रात्री बसून सातवा त्रिकोण शिवला आणि सगळे एकमेकांवर थोडे चढवून वरच्या कापडी पट्टीवर बसवले.

चूक अशी की त्रिकोणाच्या बाजू तिरक्या असतात. अर्धा इंच माया तिरक्या बाजूवर घेतली की पायाला ती अर्ध्या इंचापेक्षा जास्त खाते, शिवाय वरची कड पट्टीत जाते तिथेही त्रिकोण अरुंद होतो. तेव्हापासून मी बेरीज करायला जातच नाही. तयार त्रिकोण जेवढा हवा तेवढा पुठ्ठ्यावर काढायचा, त्याच्या तिन्ही बाजूंना फूटपट्टीने अर्ध्या इंचाची रेघ मारायची आणि बाहेरच्या रेघेवर पुठ्ठा कापायचा. हा साचा कापडावर ठेवून खडूने आखायचं. माझा तो पुठ्ठा इतकी वर्षं झाली तरी मशीनच्या खणात आहे, कडा मऊ पडल्यात एवढंच. आणि दार मोजताना चौकट बाहेरून बाहेर मोजा, आतली नाही.

कापडासाठी मी गांधीबागेत जाते. लेस, गोंडे, घुंगरं इतवारीत घेते. सगळं सामान पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधी आणून ठेवा. तान्ह्या पोळ्याच्या दिवशीच मारबतींची, म्हणजे इडापिडा घालवायच्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, त्या भागात तेव्हा खरेदी होत नाही. सुरुवातीला साधं सुती कापड घ्या, चकचकीत सॅटिन नको. ते हातातून घसरतं, कडा सुटतात आणि नवशिकी विनाकारण स्वतःला बोल लावते. खणाचं कापड सुंदर दिसतं, पण बेतल्यावर त्याचे धागे लवकर निघतात, त्यामुळे माया पाऊण इंच ठेवा. मध्यम सुती कापडाला १४ नंबरची सुई पुरते, पातळ कापडाला ११, जाड कापडाला १६.

लाल कापड मात्र आधी तपासा. पांढऱ्या चिंधीला पाणी लावून त्यावर घासा. रंग उतरला तर ते कापड झुलीला वापरू नका. भाद्रपदात पाऊस असतोच, मुलं ऐन पावसात फिरतात, आणि रंगवलेल्या नंदीच्या पाठीवर लाल ओघळ आलेले मी पाहिले आहेत. मुलगा रडत परत आला होता. सुती कापड शिवण्याआधी भिजवून वाळवलं तर आटण्याचा प्रश्नही तिथेच मिटतो.

महालक्ष्म्यांच्या मागचा पडदा सगळ्यात सोपा, फक्त मोठा. चुणीसाठी जागेच्या दीडपट रुंदी धरा, पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी पडला तर जोड द्या. एक इंची पाइप ओवायचा नेफा दोन इंच शिवा, दीड इंचात पाइप अडकतो.

इस्त्री जवळ ठेवा आणि प्रत्येक टिपेनंतर फिरवा. मी सुरुवातीला शेवटी एकदाच करायची आणि माझं काम घरगुती का दिसतं ते कळत नसे. मशीनइतकंच इस्त्रीचंही हे काम आहे, हे माझं ठाम मत.

पैसे घ्यायला लाजू नका. पहिल्या वर्षी मी फक्त सामानाचे पैसे सांगितले, चार-चार तास बसून शिवलेल्या झुलीत माझा वेळ कुठेच धरला नाही. आता वहीत कापड, अस्तर, लेस, दोरा आणि लागलेले तास लिहिते, मग भाव सांगते. कुणी "आपल्याच घरचं आहे" म्हटलं तर एखादं छोटं तोरण प्रेमाने भेट देते, पण भाव कमी करत नाही.

त्याच वहीत प्रत्येक नंदीचं माप असतं. सण झाला की झूल सावलीत वाळवून, जुन्या सुती साडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवायला मी घरच्यांना सांगते. शेजारच्या मुलाची झूल यंदा तिसऱ्यांदा निघाली. कापड जसंच्या तसं आहे, फक्त दोन गोंडे नवे लावून द्यायचे आहेत.