सीटचं रेक्झिन तडकलं, फोम भिजला

फोंड्याला कामावर जातो, दुचाकी दिवसभर उन्हात. तिसऱ्या वर्षी सीटचं रेक्झिन कडक होऊन शिवणीपाशी तडकलं. उन्हाने त्यातला मऊपणा राखणारा अंश उडून जातो, मग बसण्याच्या दाबाने ते चिरतं. मी वर चिकटपट्टी लावली, तीच चूक. जूनच्या पावसात फोम पाणी पीत गेला. वरून कोरडी दिसणारी सीट, बसलं की पँट ओली!

शेवटी सीट काढली, खालच्या पिना पक्कडीने उपटल्या. फोम दाबून पाणी काढलं, पंख्याखाली दोन दिवस वाळवला. त्यावर जाड प्लास्टिक, मग नवं रेक्झिन. ते आधी उन्हात तापवून घ्या, नाहीतर कोपऱ्यांवर सुरकुत्या राहतात. पुढून मागे ताणत पिना मारल्या. आणि शिवण बसायच्या जागी नकोच, पाणी तिथूनच शिरतं.